गिअरबॉक्सचं तेल गळतंय? पाना नंतर, आधी उगम शोधा

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की पहिला प्रश्न येतो, "कुठलं सील गेलं?" प्रश्न बरोबर आहे, पण तो जरा घाईने विचारला जातो. तेल वरून खाली ओघळतं, गाडी पळत असताना वाऱ्याने मागे सरकतं आणि शेवटी सगळ्यात खालच्या कडेवरून जमिनीवर टपकतं. त्यामुळे जिथे थेंब लटकलेला दिसतो तिथूनच गळती असेल असं मुळीच नाही. गिअरबॉक्सच्या तळाचं, तेल साठवणारं चेंबर तेलाने माखलेलं असतं आणि खरा दोष एक हात वरच्या रबरी रिंगेत असतो. अशा वेळी चेंबरचं पॅकिंग बदललं की नवं तेल, नवं पॅकिंग आणि काही दिवसांनी तोच डाग! माझ्या मते या कामात निम्म्याहून जास्त वेळ शोधण्यात गेला पाहिजे. दुरुस्ती बहुतेकदा त्यामानाने सरळ असते.

तेल गिअरबॉक्सचंच आहे ना?

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनपासून पुढच्या सीटपर्यंत मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. पुठ्ठ्यावर पुढची बाजू आणि चाकांची जागा पेनाने खुणा करून घ्या, नाहीतर सकाळी पुठ्ठा बाहेर काढल्यावर कुठला डाग कुठला ते कळत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या एका बाजूला, म्हणजे डाग बॉनेटखाली पण मध्यापासून सरकलेला दिसेल. मागची चाकं ढकलणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स इंजिनच्या मागे, पुढच्या सीटच्या खाली असतो.

आता पांढऱ्या टिश्यूवर थेंब टिपून उजेडात बघा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, नवं असताना बहुधा लाल असतं, वापरून तपकिरीकडे झुकतं आणि जळलं की काळपट होऊन करपल्याचा वास येतो. मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल साधारण मधाच्या रंगाचं आणि घट्टसर असतं. त्यातल्या गंधकयुक्त रसायनांमुळे त्याला जो उग्र वास येतो, तो एकदा बोटाला लागला की साबणानेही चटकन जात नाही. इंजिन ऑइल वापरात काळं पडतं. कूलंट गुलाबी किंवा लालसर असलं तरी पाण्यासारखं पातळ असतं, बोटांत चोळलं की तेलकटपणा लागत नाही. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, विषय तिथेच संपला.

रंगावर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नका. सीव्हीटीची, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकची, तेलं हिरवी किंवा निळीही मिळतात, आणि काही गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये एटीएफच घातलेलं असतं. म्हणून लाल थेंब सापडला तर स्टिअरिंगच्या डब्यातली पातळीही एकदा बघून घ्या.

पातळी किती आहे

हे आत्ताच तपासायचं, कारण गाडी चालवायची की जागेवरच ठेवायची ते यावरून ठरतं. डिपस्टिक असलेल्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत तेल गरम झालेलं, गाडी सपाट जागी, इंजिन चालू आणि गिअर पार्कमध्ये अशी पातळी बघतात. काही कंपन्या मात्र गाडी गरम करून इंजिन बंद केल्यावर बघायला सांगतात. गाडीचं पुस्तक काय म्हणतं तेच खरं. हल्लीच्या अनेक गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. त्यांची पातळी खालून, लेव्हल प्लग (पातळी बघायचं बूच) उघडून, तेलाचं तापमान ठरावीक असताना बघावी लागते. मॅन्युअलमध्ये बाजूचा लेव्हल प्लग काढला की तेल साधारण छिद्राच्या खालच्या कडेला टेकलेलं असायला हवं.

पातळी बरीच खाली असेल, गिअर उशिरा पकडत असेल किंवा इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही असं होत असेल, तर चालवू नका. ऑटोमॅटिकमध्ये क्लच दाबून धरायचं काम तेलाचा दाबच करतो. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो आणि क्लचच्या चकत्या घसरून जळतात. छोट्याशा सीलचं काम मग अख्खा गिअरबॉक्स उघडण्यावर जातं.

पातळी उलट जास्त निघाली तर? नुकतंच तेल बदललं असेल तर हे अगदी शक्य आहे. जास्तीच्या तेलाला फिरणारे भाग घुसळून फेस आणतात आणि ते वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा सोडणाऱ्या छोट्या नळीतून, बाहेर येतं. जास्तीचं तेल काढून टाकलं की "गळती" बंद. सील बदलण्याआधी हा एक फुकटचा तपास करून घ्या.

गाडीखाली जाण्याआधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नाही. जमीन कडक आणि सपाट, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, स्टँड कंपनीने सांगितलेल्या जागीच आणि मग गाडीला दोन्ही हातांनी हलवून बघायचं. स्टँडवर ती हलता कामा नये. सायलेन्सर थंड होऊ द्या. गरम एटीएफही चांगलंच भाजतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा लागेलच.

धुवा, चालवा, मग बघा

खालचं प्लास्टिकचं आवरण असेल तर काढा. ते तेल साठवतं आणि भलत्याच ठिकाणी टपकवतं. गिअरबॉक्सचा बाहेरचा भाग, चेंबरच्या कडा, एक्सलची तोंडं आणि कूलरच्या (गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्या डीग्रीझरने धुऊन कोरड्या करा. वायरींच्या कनेक्टरवर दाबाने पाणी मारू नका, आणि गरम सायलेन्सरजवळ ब्रेक क्लीनरचा फवारा तर अजिबात नको.

मग दहा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा. तेल गरम झालं पाहिजे, कारण गरम तेल पातळ होऊन बारीक फटीतूनही निसटतं. परत आल्यावर टॉर्च घेऊन खालून वर बघत जा. ओला भाग कुठे संपतो आणि कोरडा कुठे सुरू होतो ती रेषा शोधा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू हाच संशयित. हात पोचत नाही तिथे काडीला लावलेला आरसा घाला, किंवा मोबाइल आत धरून व्हिडिओ घ्या. स्क्रीनवर तो मोठा करून पाहिला की पुष्कळदा उलगडा होतो.

गळती इतकी बारीक असेल की नुसता ओलसरपणा दिसतो, तर धुऊन वाळवलेल्या भागावर टाल्कम पावडरचा पातळ थर मारा. तेल जिथून फुटतं तिथून पांढऱ्यावर एक गडद रेघ उतरते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे यूव्ही डाय. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला चालेल असा रंग बाटलीवरच्या मापाने तेलात घालायचा, दोन-तीन दिवस गाडी वापरायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च व पिवळा चष्मा लावून बघायचं. ताजी गळती चमकते, जुना डाग चमकत नाही. जुन्या, सगळीकडून माखलेल्या गाडीत मी थेट डायवरच जाईन.

तेल कधी गळतं यावरूनही बरंच कळतं. इंजिन बंद झाल्यावर टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) काही तेल हळूहळू चेंबरमध्ये उतरतं आणि तिथली पातळी वर चढते. त्यामुळे गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच गळत असेल तर चेंबरचं पॅकिंग किंवा गिअर सिलेक्टरच्या दांड्याचं सील बघा. इंजिन चालू असतानाच गळत असेल आणि बंद केल्यावर थांबत असेल, तर दाबाखालचे भाग, म्हणजे कूलरच्या नळ्या आणि पुढच्या पंपाचं सील.

नेहमीचे संशयित

ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढायचं बूच, आधी बघा, कारण सोपा आहे. तेल बदलताना जुनाच वॉशर परत लावला असेल तर तो पाझरतो. हा वॉशर चेपून बसणारा असतो, दर वेळी नवा लावायचा. पाझर थांबत नाही म्हणून प्लग आणखी आवळू नका. अॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेले की काम कितीतरी पटींनी वाढतं.

चेंबरचं पॅकिंग काळाने कडक होतं. पण चेंबरची चारही बाजूंची कड ओली आहे की एकच कोपरा, ते बघा. वरून एकच ओघळ येत असेल तर पॅकिंगला दोष देऊ नका. काही आधुनिक गिअरबॉक्सचं चेंबर प्लास्टिकचं असतं आणि फिल्टर त्यातच बसवलेला असतो. ते वाकलं तर अख्खंच बदलतात.

कूलरच्या नळ्या गिअरबॉक्सपासून रेडिएटरपर्यंत जातात. रबराचा भाग आणि धातूची नळी जिथे जोडली जाते तिथे पाझर, किंवा नळी कशाला तरी घासून पडलेलं छिद्र, हे दोन प्रकार नेहमीचे. शिवाय एटीएफचा कूलर रेडिएटरच्या आतच असेल आणि आतल्या आत फुटला, तर बाहेर थेंबही पडत नाही, फक्त पातळी बिघडते. तेल गुलाबी दुधासारखं दिसायला लागलं की त्यात कूलंट मिसळलंय असं समजा आणि इंजिन सुरूच करू नका. कूलंटमुळे क्लचच्या चकत्यांचं अस्तर सुटतं.

वेग मोजणारा सेन्सर, वायरींचा मोठा कनेक्टर, डिपस्टिकची नळी या प्रत्येकाला एक ओ-रिंग असते आणि ती स्वस्तातली गोष्ट आहे. सेन्सर काढून, रिंग बदलून, नव्या रिंगेला थोडं एटीएफ चोळून परत बसवायचा. कनेक्टरमधून तेल वायरीत झिरपत असेल तर मात्र टाळू नका.

ब्रीदरकडे सहसा कोणी बघत नाही, मी आवर्जून बघतो. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते आणि या छोट्या नळीतून बाहेर पडते. चिखलाने ती बुजली की आतला दाब वाढतो आणि जे सील सगळ्यात अशक्त असेल त्यातून तेल बाहेर ढकललं जातं. नवं सील लावूनही तीच गत होते. एकाच वेळी दोन-तीन सीलं पाझरताना दिसली तर सगळ्यात आधी ब्रीदर साफ करा.

राहिलं बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तो भाग. तिथून तेल टपकत असेल तर दोन शक्यता: इंजिनचं मागचं मेन सील, नाहीतर गिअरबॉक्सचं पुढचं सील. खालचं तपासणीचं झाकण काढून थेंब टिश्यूवर टिपा, काळं असेल तर बहुतेक इंजिनचं. मात्र इंजिनच्या वरच्या कव्हरमधून गळलेलं तेलही मागून ओघळून याच जोडातून बाहेर येतं, म्हणून तोही भाग चाचपा. सील यांपैकी कुठलंही असलं तरी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा उतरवल्यावर दुसरंही बदलून टाका, आणि हे काम लिफ्ट असलेल्या मेकॅनिकलाच द्या. केसिंगला तडा असेल तरी तोच सल्ला. बाहेरून लावलेली एपॉक्सी फार तर गॅरेजपर्यंत पोचवते.

चेंबरचं पॅकिंग बदलताना

चेंबरला ड्रेन प्लग नसेल तर कोमट तेल चांगलंच सांडणार हे गृहीत धरा. खाली रुंद परात ठेवा. एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढा, दुसऱ्या बाजूचे नुसते सैल ठेवा, म्हणजे चेंबर तिरकं होऊन एका कोपऱ्यातून तेल ओतलं जातं. निघालेलं तेल मापाच्या बाटलीत मोजून लिहून ठेवा. भरताना हाच आकडा कामी येतो. चेंबर काढल्यावर एकूण तेलाचा काही भागच निघतो, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून पुस्तकातला एकूण क्षमतेचा आकडा बघून तेवढं भरायला जाऊ नका.

चेंबरच्या तळाशी चुंबक असतो. त्यावर बारीक राखाडी चिखल साचलेला असेल तर ते नेहमीचंच आहे, पुसून परत लावा. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे किंवा किसासारखे कपचे निघाले तर पॅकिंग बदलून उपयोग नाही, आतला भाग तुटतोय.

जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. धातूच्या धारेने अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तीच नवी गळती. पत्र्याचं चेंबर असेल तर काठावर सरळ पट्टी धरून बघा. पूर्वी जास्त आवळल्यामुळे बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर आलेला असतो. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने तो सपाट करता येतो.

पॅकिंगवर वरून सिलिकॉन लावायची अनेकांना सवय असते. नको! ते आत पिळून निघतं, त्याचे तुकडे सुटून फिल्टरमध्ये किंवा व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या आतल्या भागात) अडकतात. ज्या गाडीत कंपनीने पॅकिंगऐवजी सिलिकॉनच दिलंय तिथेच ते वापरायचं, बारीक अखंड रेघेत, आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ वाळू देऊन. बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग मधून बाहेर, आळीपाळीने समोरासमोर आवळा. हे बोल्ट फार कमी घट्ट असतात, बऱ्याच गाड्यांत साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटर. नेमका आकडा पुस्तकात बघा आणि टॉर्क रेंचनेच लावा.

एक्सलचं सील

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं सील. चाकाच्या आतल्या बाजूला गोल फेकलेलं तेल दिसतं. पण चाकाजवळच्या जॉइंटवरचं रबरी बूट फाटून उडालेलं काळं ग्रीस वेगळं, त्याची गल्लत करू नका.

हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. गाडी स्टँडवर घ्या, तेल काढा, चाक उतरवा, खालचा बॉल जॉइंट सोडवा आणि हब बाहेरच्या बाजूला वळवून शाफ्ट सुटा करा. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाणार नाही याकडे लक्ष. गिअरबॉक्सकडचं टोक पहारीने हलकेच उचकटा. शाफ्टच्या दांड्याला धरून ओढलंत तर आतला जॉइंट निसटतो आणि काम दुप्पट होतं. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट एकाच वेळी काढले की डिफरन्शिअलचे गिअर जागेवरून सरकतात, तेव्हा एका वेळी एकच बाजू.

जुनं सील काढण्याआधी ते कडेपासून किती आत बसलंय ते मोजा. नवं तितकंच आत गेलं पाहिजे. सील उचकटताना केसिंगचा आतला गुळगुळीत भाग खरवडू नका. नव्या सीलच्या ओठाला गिअरबॉक्सचंच तेल लावा, बारीक स्प्रिंगची बाजू आत तेलाकडे ठेवा आणि सीलच्या बाहेरच्या कडेवर टेकेल असा सॉकेट घेऊन चहूबाजूंनी सारखं ठोकत बसवा. तिरकं गेलं तर सरळ करत बसू नका, दुसरं घ्या.

आता शाफ्ट. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नख फिरवा. नख अडकेल अशी चरी पडली असेल तर नवं सीलही टिकणार नाही, शाफ्ट बदलावा लागेल. शाफ्ट आत घालताना त्याचे दाते सीलच्या ओठाला घासू देऊ नका. क्लिप बसल्याचा आवाज आला की हलकं ओढून खात्री करा. हबचा नट नवा लावा आणि गाडी जमिनीवर आल्यावर पुस्तकातल्या टॉर्कने आवळा.

तेल भरणं

मॅन्युअलमध्ये एक गोष्ट आयुष्यभर पाळा: ड्रेन प्लगच्या आधी भरायचा प्लग उघडून बघायचा. तो गंजून अडकला असेल आणि तेल आधीच काढून टाकलं असेल तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागेवर अडकते.

तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकाराचंच घ्या. सीव्हीटीत साधं एटीएफ चालत नाही. निघालं तेवढं भरा, इंजिन सुरू करा, ऑटोमॅटिकमध्ये गाडी जागेवरच ठेवून, ब्रेक घट्ट दाबून, प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबत दांडा एकदा सगळीकडे फिरवा. गाडी स्टँडवर असेल तर गिअर पडताच चाकं फिरू शकतात, तेव्हा खाली कोणी नको. लेव्हल प्लगवाल्या गिअरबॉक्ससाठी गाडीची चारही टोकं सारख्या उंचीवर हवीत. तेल ठरलेल्या तापमानाला आल्यावर, इंजिन चालू ठेवून प्लग काढतात. धार बारीक होत थेंबांवर आली की प्लग बंद. तापमान स्कॅनरवर वाचता येतं, अंदाजाने केलं तर पातळी हमखास चुकते.

गळती थांबवणारी बाटलीतली औषधं मिळतात. ती रबराला थोडं फुगवतात, कडक झालेलं सील काही काळ धरतं. गाडी विकायची की दुरुस्त करायची हे ठरेपर्यंत ठीक. फाटलेलं सील, चरी पडलेला शाफ्ट किंवा फुटलेली नळी यांवर त्यांचा काही इलाज चालत नाही.

दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस आवरणात आणि क्रॉस मेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या दांड्याच्या) खाचांत अडकलेलं जुनं तेल टपकत राहतं, म्हणून एका डागाने घाबरू नका. गिअरबॉक्स पुन्हा पुसून पुठ्ठा ठेवा आणि आठवड्याने पातळी बघा. काढलेलं तेल झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेलं तेल घेणाऱ्या केंद्रावर किंवा गॅरेजवर द्या, गटारात किंवा मातीत ओतू नका.